आयएसओ ८०० ची अट काढा, फोटो सुधारतील

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीसाठी वाचकांकडून नाशिकचे रात्रीचे फोटो मागवलेत, चांगली गोष्ट आहे, गावात हौशी लोक भरपूर आहेत आणि कॅमेरा गळ्यात घालून फिरणारी पोरंही वाढलीत. पण खाली नियमांत जे छापलंय ना, की आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्यात आलेला उजेड किती मोठा करून दाखवायचा ती सेटिंग) ८०० च्या वर ठेवून काढलेला फोटो चालणार नाही आणि फोटोत नॉईज, म्हणजे दाणे नकोत, त्याबद्दल बोलायचंय. नॉईज नको हे ठीक आहे. पण ८०० ची अट घालून नॉईज कमी होणार नाही, उलट वाढेल. वाढायला लागलंच आहे म्हणा, कारण माझं रविवार कारंज्याकडे छोटं स्टुडिओ आणि प्रिंटिंगचं दुकान आहे, आणि नियम छापून आल्यापासून प्रिंटला जे फोटो येतायत ते बघूनच हे पत्र लिहायला घेतलंय.

येणारे फोटो दोन जातीचे. एक हललेले, म्हणजे ८०० वर ठेवायचं म्हणून शटर, म्हणजे उजेड आत यायचा वेळ, इतका लांबवलाय की आरतीवाल्या गुरुजींचा हात म्हणजे नुसता पिवळा पट्टा. आणि दुसरे त्याहून वाईट, काढताना काळेकुट्ट आलेले आणि मग मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर ब्राईटनेस ओढून ओढून वर आणलेले, त्यात सावलीच्या जागी जांभळे हिरवे दाणे, चेहऱ्यावर पट्टे, आणि फोटोचा मालक मला विचारतो "भाऊ, ८०० च ठेवला होता, तरी फोटो फुटला कसा?" आता त्याला काय सांगणार, ८०० ठेवला म्हणूनच फुटला.

साहेब, नॉईज हा आयएसओच्या बटणातून येत नाही, उजेड कमी पडला की येतो. एवढं एक पटलं तर बाकी सगळं आपोआप लागतं.

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड पकडणाऱ्या चिपवर, उजेड पडतो तो कणाकणाने पडतो, फोटॉन म्हणतात त्याला, आणि ते कण मोजून मापून सारखे पडत नाहीत. पावसाची भुरभुर सुरू होते तेव्हा अंगणातली फरशी बघा, एका फरशीवर ४ थेंब तर शेजारच्या फरशीवर ९, पण तासभर लागून पडला की दोन्ही सारख्याच ओल्या. सेन्सरच्या पिक्सलचं तेच. एका पिक्सलला सरासरी १०० फोटॉन मिळत असतील तर त्यात वरखाली होतं ते साधारण १० चं, म्हणजे १० टक्के, ते डोळ्याला दाण्यासारखं दिसतं. आणि १०,००० मिळाले तर वरखाली १०० चं, म्हणजे फक्त १ टक्का, ते दिसतसुद्धा नाही. वर्गमूळाचा हिशोब आहे साधा, शाळेतला. कॅमेरा ५ लाखाचा घ्या नाहीतर सेकंड हँड घ्या, ह्यातून सुटका नाही, हा दोष कॅमेऱ्याचा नाहीच, उजेडाचा स्वभावच तसा आहे. म्हणून एकाच फोटोत उजळ भाग स्वच्छ दिसतो आणि अंधारा भाग दाणेदार, दोन्हीचा आयएसओ एकच असून.

मग आयएसओ काय करतो? तर सेन्सरने जेवढं गोळा केलं तेवढं मोठं करून देतो. उजेड वाढवत नाही, कमीही करत नाही. पण लोकांच्या डोक्यात का बसलंय की आयएसओ वाढला की नॉईज आला? कारण ऑटोवर टाकलं आणि आयएसओ वाढवला की कॅमेरा शटर फास्ट करतो किंवा ॲपर्चर (लेन्सचं भोक) बंद करत जातो, म्हणजे उजेड कमी आत येतो, नॉईज त्यामुळे आला आणि बिल फाटलं आयएसओच्या नावावर. शिवाय कॅमेऱ्याची आतली इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी खरखर मिसळते, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ वाढवताना सिग्नल ह्या खरखरीच्या आधीच मोठा होतो, त्यामुळे तेवढ्याच उजेडात जास्त आयएसओने काढलेला फोटो सावलीत उलट स्वच्छ येतो. नवीन काही सेन्सरमध्ये दोन्ही जवळपास सारखंच येतं, पण जास्त आयएसओवाला वाईट येतो असं नाही.

कोणालाही घरी करून बघता येईल. कॅमेरा मॅन्युअलवर, स्टँडवर, खोलीत एकच दिवा. शटर आणि ॲपर्चर अजिबात हलवायचं नाही. एक फोटो ८०० ला, एक ६४०० ला. पहिला काळा येईल, तो कॉम्प्युटरवर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे ८ पट) उजळा आणि दोघांच्या सावल्या शेजारी ठेवून बघा. जेपेगमध्ये केलंत तर फरक डोळ्यात भरेल, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात आणि अंधाऱ्या भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात, त्या ओढल्या की पट्टे आणि डाग. रॉ फाईल (सेन्सरवरून जशीच्या तशी आलेली कच्ची फाईल) १२ किंवा १४ बिटची असते, १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, म्हणून ती ओढाताण सहन करते, पण तीही किती करणार.

आता तुमच्या स्पर्धेतला सगळ्यात जास्त येणारा विषय घ्या, रामकुंडावरची गोदाआरती. समजा तिथल्या उजेडाला एफ २.८ (ॲपर्चरचं माप, आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० लागतोय. ८०० वर यायचं तर शटर १/३० करावं लागेल, आणि आरती फिरवणारा हात १/३० ला थांबत नाही. हे २.८ ची लेन्स असेल तर. आपल्या बहुतेक पोरांकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स असते, झूम केलं की ती एफ ५.६ वर जाते, म्हणजे चौथा हिस्सा उजेड. मग १/१२५ ला आयएसओ १२,८०० पाहिजे, आणि ८०० वरच बसायचं असेल तर शटर १/८. १/८ ला गुरुजी काय, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बसलेली माणसंसुद्धा हलतात. तेव्हा तो बिचारा शटर १/१२५ च ठेवतो, आयएसओ ८०० ठेवतो, फोटो चार स्टॉप अंडर येतो आणि घरी जाऊन १६ पट उजळतो. नियम पाळला, फोटो गेला.

जास्त आयएसओचा खरा तोटा आहे तो वेगळाच, उजळ भाग लवकर जळतो, ज्योती नुसत्या पांढऱ्या फटक होतात. म्हणून आयएसओ वाढवायचा तो ज्योतीकडे बघून वाढवायचा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, उजवीकडे उजळ भाग) उजव्या भिंतीला आपटायच्या आत थांबायचं. हे तुमच्या नियमात लिहिलं असतं तर मी स्वतः कात्रण काढून दुकानात चिकटवलं असतं.

आरतीच्या फोटोत अजून एक भानगड असते, रंगाची. तेला-तुपाच्या दिव्याचा उजेड लालपिवळा असतो, निळा त्यात जवळजवळ नसतोच. मग सेन्सरच्या निळ्या पिक्सलना मिळतं काय, तर शेवटचं उरलंसुरलं. आणि आपण काय करतो, पिवळं दिसतंय म्हणून व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरायची सेटिंग) ओढून धोतर एकदम पांढरंशुभ्र करायला जातो. ते करायला निळा चॅनल कितीतरी पट वाढवावा लागतो, त्यातला नॉईजही तेवढ्याच पटीने वाढतो, आणि सावलीत ते निळे जांभळे ठिपके येतात. माझं म्हणणं, आरती पिवळीच राहू द्या ना! दिव्याच्या उजेडातलं धोतर पिवळट दिसतंच डोळ्याला पण. अर्धा व्हाईट बॅलन्स केला तरी अर्धे ठिपके जातात, सॉफ्टवेअर उघडायची गरज पडत नाही.

सगळंच नॉईज नसतं हेही सांगायला पाहिजे, कारण दुकानात 'कॅमेऱ्यात दाणे येतायत, सेन्सर गेला वाटतं' म्हणून येणाऱ्यांतल्या पुष्कळांचा प्रॉब्लेम भलताच निघतो. मी पहिल्यांदा विचारतो, कॅमेऱ्यातला फोटो दाखवा, व्हॉट्सॲपवर आलेला नको. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, त्यात चौकोनी चौकोनी फुटतो, ते नॉईज नाही, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की प्रश्न मिटतो (तुमचा अंक काढणाऱ्या मंडळींना हे माहीत असेलच, पण तुम्ही फोटो व्हॉट्सॲप नंबरवरच मागवलेत आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं कुठे लिहिलेलं नाही). दुसरं, एकच लाल किंवा पांढरा ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असेल तर तो हॉट पिक्सल. लेन्सला झाकण लावून ३० सेकंदाचा फोटो काढा, काळ्यावर चमकणारे सगळे दिसतील, सगळ्यांच्याच कॅमेऱ्यात थोडे असतात, घाबरायचं नाही. आणि दिवसा आकाशात गोल करडे डाग दिसले, एफ १६ ला जास्त आणि एफ ४ ला गायब, तर ती सेन्सरवरची धूळ. सेन्सर साफ केल्याने धूळ जाते, नॉईज जात नाही. 'दाणे येतात म्हणून सेन्सर क्लीन करून घेतला, पैसे गेले, दाणे तसेच' असं सांगणारे भेटतात, त्यांची दया येते खरंच.

आडवे काळे पट्टे ही तक्रार तर आता मिरवणुकीच्या आणि नवरात्राच्या फोटोंत सर्रास. तेही नॉईज नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले एलईडी तिच्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फास्ट शटरला कळतं, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल तर बघायलाच नको. १/१०० किंवा १/५० वर या, सायलेंट बंद करा, बहुतेक वेळा जातात. डीजेच्या गाडीवरच्या एलईडी स्क्रीनचं गणित मात्र वेगळं असतं, तिथे शटर थोडं थोडं बदलून बघावं लागतं.

मेन्यूतल्या दोन-तीन गोष्टी पण बघून घ्याव्यात. निकॉनमध्ये ॲक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, ही फीचर्स सावली आपणहून उजळतात, आणि सावली उजळली की त्यातले दाणे उजेडात येतात, तर रात्री ती बंद ठेवलेली बरी. शार्पनेस कोणी वाढवून ठेवलाय का तेही बघा, शार्पनिंगला दाणा आणि पापणीचा केस यातला फरक कळत नाही, दोन्ही धारदार करतं. आणि लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदाच्या फोटोनंतर कॅमेरा अजून ३० सेकंद गप्प बसतो, शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो मनातल्या मनात काढतो आणि खऱ्यातून वजा करतो. लोकांना वाटतं हँग झाला, बॅटरी काढतात! काढू नका. हे फीचर ताऱ्यांच्या फोटोला कामाचं आहे, कारण लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सर तापून नॉईज येतो, साधारण ६ ते ८ अंश तापमान वाढलं की हा भाग दुप्पट होतो. म्हणून मे महिन्यात अंजनेरीच्या पायथ्याशी काढलेले तारे आणि निफाडच्या थंडीत काढलेले तारे यात फरक पडतो, कॅमेरा तोच असला तरी. आरतीच्या १/१२५ ला याचा काही संबंध नाही.

आता जे हलत नाही त्याचा विषय. रात्री काळाराम मंदिराचा बाहेरून फोटो, पूल, पाण्यातलं प्रतिबिंब, अशा ठिकाणी ट्रायपॉड लावा, दोन सेकंदाचा टायमर, आयएसओ १००, शटर ८-१० सेकंद, आणि लोण्यासारखा फोटो घ्या. इथे तुमचा नियम बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतोय. ट्रायपॉड नसेल तर घाटाचा कठडा आहे. आणि सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात काढा, आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, तो फुकटचा उजेड आहे, पार अंधार पडायची वाट कशाला बघता. माणसं असतील तर मात्र उपाय एकच, मोठं ॲपर्चर. ५० एमएम एफ १.८ ची लेन्स घ्या, कॅनन निकॉन दोघांचीही सगळ्यात स्वस्त लेन्सांत येते, आणि ५.६ च्या तुलनेत जवळजवळ १० पट उजेड आत घेते. नवीन बॉडी घेण्याआधी ही लेन्स घ्या असं मी गिऱ्हाईकाला सांगतो, माझा धंदा बुडतो ते जाऊ द्या. फुलफ्रेमचा फायदा आहेच, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, आपल्या नेहमीच्या छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या दुप्पट-अडीचपट क्षेत्रफळाचा, पण तो सव्वा स्टॉपच्या आसपासचा फायदा आहे, लेन्सने तीन स्टॉपच्या वर मिळतात.

मोबाईलवाले म्हणतील आमचा नाईट मोड बघा कसा स्वच्छ. तो एक फोटो नसतो, पटापट बरेच फोटो काढून एकावर एक ठेवलेले असतात, १६ फोटोंची सरासरी काढली तर नॉईज पाव होतो, परत तेच वर्गमूळ. देवळाला छान, गर्दीला नाही, गर्दीत भुतं उमटतात. गंमत म्हणजे मोबाईलच्या फोटोच्या माहितीत आयएसओ बऱ्याचदा कमी दिसतो, म्हणजे तो तुमच्या नियमात बसणार आणि खरा कॅमेरा घेऊन गेलेला बाद होणार.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या छपाईचं. २४ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सल. पेपरात तो तीन-चार कॉलम, धरा १५ सेंटीमीटर रुंद छापणार, त्याला १२०० पिक्सल रुंदी पुरे. म्हणजे आडवे ५ आणि उभे ५, असे २५ पिक्सल मिळून एक होणार, आणि २५ ची सरासरी म्हणजे नॉईज एक पंचमांश. वरून न्यूजप्रिंटचे छपाईचे ठिपके, शाई पसरलेली. ३२०० चा दाणा त्यात भिंग लावून शोधला तरी सापडणार नाही. परीक्षक जर मॉनिटरवर १०० टक्के झूम करून नाक लावून बघत असतील तर ते असा फोटो बघतायत जो तुम्ही कधी छापणारच नाही. फिल्मच्या काळात पेपरचे फोटोग्राफर ४०० आयएसओची ट्राय-एक्स फिल्म ओढून (जास्त वेळ डेव्हलप करून) १६०० ला वापरायचे, त्याचे दाणे मुठीएवढे, आणि ते फोटो पहिल्या पानावर छापून यायचे. तेव्हा कोणी आयएसओ विचारत नव्हतं.

छापल्यावर दिसतं ते नॉईज नाही, नॉईज काढायच्या नादात केलेली नासधूस दिसते. रिडक्शनचा स्लायडर शंभरावर नेला की चेहरे मेणाचे होतात आणि पैठणीचा काठ नुसता सोनेरी फडका. रंगाचा नॉईज काढा बिनधास्त, त्याने काही बिघडत नाही, पण ल्युमिनन्सवाला, म्हणजे उजेड-अंधाराचा दाणा, थोडा राहू द्या. डार्कटेबल, रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअर आहेत, पुरतात. एआयवाले डिनॉईज आता आलेत, लाईटरूममध्ये २०२३ पासून आहे, काम चांगलं करतात यात वाद नाही. पण लांबच्या दुकानाच्या मराठी पाटीवर किंवा मागच्या गर्दीतल्या बारीक चेहऱ्यांवर जास्त जोरात चालवलं तर कधी कधी अक्षराचं भलतंच काहीतरी होतं, काना आहे तिथे गाठ, वेलांटी गायब, आणि चेहऱ्याला नवीनच डोळे. घरच्या अल्बमला चालेल. पेपरात छापायच्या फोटोला चालेल का, ते तुम्ही ठरवा, माझ्या मते ८०० पेक्षा नियम ह्याचा करायला हवा होता.

२०२७ ला सिंहस्थ आहे. स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ढगाळ आकाश, कधी पाऊस, आणि आखाडे निघणार पहाटे. त्या उजेडात ८०० वर पळत्या साधूचा फोटो काढून दाखवा कोणी, मी माझ्या पैशाने मोठा प्रिंट काढून देतो. तेव्हाही वाचकांकडून फोटो मागवालच, आणि हाच नियम कॉपी पेस्ट होऊन येईल म्हणून आत्ताच लिहितोय.

म्हणून विनंती एवढीच, ८०० ची अट काढा. त्याऐवजी मूळ फाईल मागवा, डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने, आणि परीक्षकांना फोटो छापायच्या आकारात बघायला सांगा. आणि बदल करणार असाल तर जरा लवकर छापा साहेब, शेवटच्या तारखेची वाट बघू नका, कारण कालच एक पोरगा दुकानात बसून कार्डातले ३२०० वाले फोटो एकेक करून डिलीट करत होता, त्यात एक फार चांगला होता, तो मी त्याला मागून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवून घेतलाय.

कळावे,
आपला वाचक,
एक स्टुडिओवाला,
रविवार कारंजा, नाशिक